शंका-समाधान : कोकणच्या हवेतला छोटा डिजिटल कॅमेरा

प्रश्न : 2009 साली घेतलेला 10 मेगापिक्सेलचा कॉम्पॅक्ट कॅमेरा सुरुवातीला रोज हातात असायचा. चांगला फोन आला आणि तो कपाटात गेला. आता पुन्हा हौस आली आहे, पण फोनचेच फोटो जास्त स्वच्छ दिसतात. त्याच्यामागे वेळ घालवण्यात अर्थ आहे का? — एक वाचक, देवगड

उत्तर : आहे, पण सगळ्याच बाबतीत तो फोनशी बरोबरी करील अशी अपेक्षा ठेवू नका. त्या काळच्या बहुतेक कॉम्पॅक्टमध्ये 1/2.3 इंची सेन्सर (भिंगामागचा, प्रकाश टिपणारा तुकडा) असे. त्याचं क्षेत्रफळ जेमतेम 28 चौरस मिलिमीटर. आजच्या चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात बहुधा याहून मोठा सेन्सर असतो, शिवाय फोन एका बटणासरशी पाठोपाठ अनेक फ्रेम घेऊन त्या एकत्र करतो. म्हणून माडांमागचं उजळ आकाश आणि माडांखालचा काळोख, दोन्ही फोनच्या फोटोत सांभाळले जातात. कॉम्पॅक्ट एकदाच शटर उघडतो, त्यामुळे दोघांपैकी एकाला सोडावं लागतं.

त्याची खरी ताकद झूम आणि फ्लॅशमध्ये आहे. त्याचा झूम भिंगांचा आहे, चित्र कापून मोठं केलेला नाही. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्यांच्या मध्ये न घुसता चार पावलं मागून त्यांचे चेहरे नीट टिपता येतात. (मेनूतला ‘डिजिटल झूम’ मात्र आधी बंद करा.) फ्लॅश झेनॉनचा असतो. तो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास लखकन पेटून विझतो, त्यामुळे शिमग्यात नाचणारी पालखी अंधारातही ठसठशीत येते. फोनच्या एलईडीला हे जमत नाही. पण माणसं दोन-तीन मीटरच्या आत हवीत. पावसात फ्लॅश टाळा, कारण भिंगाजवळचे थेंब उजळून फोटोभर पांढरे गोळे दिसतात.

सेटिंग अशी ठेवा : आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ऑटोवरून काढून 80 किंवा 100, अगदी अडलं तर 400, त्यापुढे दाणे दिसायला लागतात. कॅमेऱ्यात अ‍ॅपर्चर (भिंगातलं प्रकाश येण्याचं भोक; एफचा आकडा मोठा तेवढं ते लहान) हाताने बदलता येत असेल तर एफ 2.8 ते 4 मध्ये राहा. इतक्या लहान सेन्सरवर एफ 8 ला प्रकाश कडांवर पसरतो आणि चित्र उलट मऊ होतं. चौकटीत गडद झाडी आणि उजळ आकाश एकत्र असेल तर एक्सपोजर (फोटोचा उजळपणा) −2/3 करा. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक झाडी बघून जास्त प्रकाश घेतो आणि आकाश पांढरंफटक पडतं. जेपीईजीमध्ये (कॅमेऱ्यातच तयार होणाऱ्या फोटो-फाइलमध्ये) ते परत आणता येत नाही. नुसती पांढरी पुळण चौकटभर असेल तर याच्या उलट, +1/3 किंवा +2/3, नाहीतर वाळू राखाडी दिसेल. मावळतीला व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा ठरवणारी सेटिंग) ‘डेलाइट’ किंवा ‘क्लाउडी’वर ठेवा. ऑटो त्या तांबूसपणालाच दोष समजून पुसून टाकतो.

प्रश्न : पावसाळ्यानंतर कॅमेरा काढला तर भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले. चामड्याच्या पाऊचमध्ये, कपाटात नीट ठेवला होता. — एक वाचक, मालवण

उत्तर : ही बुरशी आहे, आणि ‘नीट ठेवला होता’ हेच तिचं कारण आहे. हवेतली आर्द्रता 60-65 टक्क्यांच्या वर टिकून राहिली, अंधार असला आणि हवा हलली नाही की ती वाढते. किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हे सगळं कपाटात आपोआप जुळून येतं. चामडं ओल धरून ठेवतं आणि बुरशीला खाद्यही पुरवतं. कोकणात वापरातल्या कॅमेऱ्यापेक्षा पडून राहिलेला कॅमेरा लवकर जातो.

आधी बुरशी कुठे आहे ते बघा. कॅमेरा चालू करून पूर्ण झूम करा आणि बारीक टॉर्चचा उजेड भिंगावर तिरका पाडा. धागे पुढच्या काचेवरच असतील तर ब्लोअरने (दाबला की हवा मारणाऱ्या रबरी फुग्याने) धूळ उडवा, लेन्स क्लीनरचे एक-दोन थेंब टिश्यूवर घ्या (थेट काचेवर नको) आणि मधून कडेकडे हलक्या हाताने फिरवा. धागे आतल्या भिंगांवर असतील तर घरी उघडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) 300 व्होल्टच्या आसपास वीज साठलेली असते आणि बॅटरी काढल्यावरही ती टिकते; जोरदार झटका बसतो. आतली बुरशी थोडी असेल तर तिचा आकार फोटोत उमटत नाही. उजेडाकडे तोंड करून काढलेले फोटो तेवढे धुरकट येतात. बुरशीच्या आम्लाने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर साफ केल्यावरही डाग राहतो.

यापुढे कॅमेरा पाऊचमधून काढून ठेवा. झाकणाला रबरी कड असलेला 10 लिटरचा हवाबंद डबा, त्यात 100 ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढं पुरतं. काटा 40 ते 50 मध्ये हवा. 30 च्या खाली फार काळ नको, रबर आणि वंगण सुकतं. नारिंगी जेल हिरवट झालं की ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोन तास तापवा. पावसाळ्यातल्या उन्हात ते सुकत नाही. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, म्हणून त्याला स्वयंपाकाची भांडी लावू नका. तांदूळ कामाचा नाही, त्याची पिठूळ धूळ झूमच्या फटीत जाते. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते.

डबा नसेल तर कपाटात छोटा बल्ब लावून ठेवण्याची जुनी पद्धत काही प्रमाणात चालते. 27 अंशांवरची 85 टक्के आर्द्रतेची हवा 32 अंशांपर्यंत तापली की आर्द्रता 64 च्या आसपास येते. म्हणजे सुटकेच्या अगदी काठावर, त्यामुळे सगळी भिस्त बल्बवर ठेवू नका. आठवड्यातून एकदा कॅमेरा काढा, झूम पुढे-मागे करा, दहा फोटो घ्या.

प्रश्न : गुहागरच्या किनाऱ्यावर वाऱ्यात फोटो काढताना भिंग अर्धं बाहेर अडकलं आणि ‘लेन्स एरर’ आलं. आत ढकलू का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : मुळीच नको. भिंगाच्या नळ्या एकात एक सरकतात आणि त्यांना फिरवणारे दाते बहुधा प्लॅस्टिकचे असतात. वाळूचा एक कण फटीत बसला की मोटर अडते. तुम्ही ढकललंत तर दातेच तुटतात. बॅटरी आणि कार्ड काढा. भिंग जमिनीकडे करून नळीभोवतीच्या फटीत रबरी ब्लोअरने हवा मारा, कोरड्या मऊ ब्रशने कड झाडा. तोंडाने फुंकू नका, थुंकीची ओल कण चिकटवते. मग पूर्ण चार्ज केलेली बॅटरी घालून, भिंग खालीच ठेवून चालू करा. दमलेल्या बॅटरीनेही हाच एरर येतो, म्हणून चार्जिंग महत्त्वाचं. तीन-चार प्रयत्नांत सुटलं नाही तर थांबा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या.

किनाऱ्यावर कॅमेरा झिपच्या पिशवीत ठेवा, वाऱ्याकडे पाठ करून चालू करा, फोटो झाला की लगेच बंद करा. घरी आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने अंग पुसा, मग कोरड्याने. ही पायरी कंटाळवाणी आहे पण चुकवू नका. आर्द्रता 75 टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात तुमच्या घरात बहुतेक दिवस तेवढी आर्द्रता असते, म्हणजे कॅमेऱ्यावरचं मीठ सतत ओलं राहून धातू खात असतं.

प्रश्न : सूर्यास्ताचा व्हिडिओ घेताना सूर्यातून उभी जांभळट रेघ जाते. कॅमेरा बिघडला? — एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : नाही. सीसीडी (जुन्या कॉम्पॅक्टमधला सेन्सरचा प्रकार) सेन्सरवर फार तेज पडलं की विद्युतभार त्या उभ्या ओळीत वरखाली सांडतो. स्थिर फोटोत यांत्रिक शटर मध्ये येतं, म्हणून तिथे सहसा रेघ नसते. सूर्य ढगाआड किंवा माडाआड घ्या.

प्रश्न : जुन्या कॅमेऱ्यात नवं 64 जीबीचं कार्ड चालत नाही. तारीखही दर वेळी पुसली जाते. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : साधं एसडी 2 जीबीपर्यंत, एसडीएचसी 32 पर्यंत, त्यापुढे एसडीएक्ससी. तुमचं 64 चं कार्ड यातलं, ते जुना कॅमेरा ओळखत नाही. एसडीएचसी 2006 मध्ये आलं. त्याआधीच्या कॅमेऱ्याला 2 जीबीच घाला, 2009 च्या आसपासच्याला 8 किंवा 16 जीबी पुरे. फॉरमॅट कॅमेऱ्यातच करा. तारीख जपणारा आतला छोटा सेल मुख्य बॅटरीवर चार्ज होतो. चार्ज केलेली बॅटरी एक दिवस आत ठेवून बघा. तरीही पुसली तर तो सेल संपला आहे, फोटो काढायला त्याची गरज नाही. लिथियम बॅटरी फुगली असेल तर मात्र ती पुन्हा चार्जरला लावू नका. कॅमेरा पेन्सिल सेलवर चालत असेल तर अल्कलाइनऐवजी 2000 एमएएचचे रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड घ्या. झूम आणि फ्लॅशची एकदम लागणारी वीज ते सहज देतात.

प्रश्न : जुन्या कॉम्पॅक्टने हौस भागत नाही. एक इंची सेन्सरवाला वापरलेला कॅमेरा घ्यावा का? सीसीडीचे रंग वेगळेच असतात असंही ऐकतो. — एक वाचक, दापोली

उत्तर : रंगांचं श्रेय सीसीडीपेक्षा त्या काळी कॅमेरा जेपीईजी कसा बनवत असे त्याला जास्त आहे, तेवढ्यासाठी जादा पैसे मोजू नका. एक इंची सेन्सरचा फरक मात्र खरा आहे. 116 चौरस मिलिमीटर म्हणजे चौपट जागा, त्यामुळे त्याचा आयएसओ 400 जुन्याच्या 100 इतका स्वच्छ येतो. 2012 चा सोनी आरएक्स100 यातलाच. 20 मेगापिक्सेल, रुंद बाजूला (झूम न करता) एफ 1.8, पण पूर्ण झूमला एफ 4.9, म्हणजे अंधारात झूम करून फायदा बराच जातो. त्याचंही भिंग सरकणारं आहे, तेव्हा वाळूची काळजी तीच.

घेताना बुरशीसाठी टॉर्च लावा, झूम दहा वेळा पुढे-मागे करून करकर येते का ऐका. एफ 11 ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून काळे ठिपके शोधा, कारण सेन्सरवरची धूळ तिथेच दिसते. फ्लॅश पाच वेळा मारा. बॅटरीच्या कप्प्यातल्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरी पूड नको. शेवटी कॅमेरा उलटा करून तळाच्या स्क्रूंची डोकी बघा. तिथे गंज असेल तर कॅमेऱ्यात बहुधा खारं पाणी शिरलेलं आहे, भाव कितीही उतरवला तरी तो घेऊ नका.