दारू सुटल्यावर भावाला लगेच विपश्यना शिबिराला पाठवावं का?

तुम्ही लिहिलंय की भाऊ अक्कलकोट रोडला यंत्रमागावर आहे, व्यसनमुक्ती केंद्रातून येऊन महिना झालाय आणि नातेवाईक म्हणतायत, दहा दिवस विपश्यनेला धाडा, दारू कायमची सुटेल. मी स्वतः दारूतून बाहेर आलोय, सोलापुरातच राहतो आणि रोज ध्यानाला बसतो. माझं मत असं की ध्यान त्यानं आजच सुरू करावं, पण दहा दिवसांचं शिबिर आत्ता नको.

आधी शरीराचं सांगतो, कारण हे उत्तर दुसरंही कुणी वाचेल. रोज भरपूर पिणाऱ्यानं "उद्यापासून दारू बंद, ध्यान सुरू" असं परस्पर ठरवू नये. दारू एकदम तुटली की काही तासांत हात थरथरायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फेफरं येऊ शकतं. त्यापुढच्या एक-दोन दिवसांत काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, घरचे ओळखू येत नाहीत. यात जीव जाऊ शकतो. तिथे डॉक्टर, औषधं आणि थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व लागतं. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात दाखवा. तुमच्या भावाचा हा टप्पा केंद्रात पार पडलाय, त्याचं मोल कमी समजू नका.

खरी कसोटी आता आहे. तोच रस्ता, तेच देशीचं दुकान, तेच सोबती आणि पगाराची संध्याकाळ. तलफ डोक्यात येते असं आपण म्हणतो, पण नीट पाहिलं तर ती अंगात येते. घसा सुकतो, छाती आवळते, जबडा घट्ट होतो, पोटात कालवतं. बुद्धांनी सांगितलेल्या साखळीत स्पर्शातून वेदना, म्हणजे दुखणं नव्हे तर कुठलीही संवेदना, आणि वेदनेतून तृष्णा येते. विपश्यना शिकवणारे गोएंका गुरुजी सांगायचे की व्यसनी माणसाला ओढ असते ती अंगात उठणाऱ्या संवेदनेची, बाटली हे निमित्त. मला हे पटलं ते प्रवचनामुळे नाही. एका संध्याकाळी घसा कोरडा पडला असताना मी उठलो नाही, तसाच बसून बघत राहिलो आणि थोड्या वेळानं ती कोरड आपोआप कमी झाली, तेव्हा पटलं.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट हेच शिकवायचे. तलफ लाटेसारखी चढते आणि उतरते, तिच्याशी झगडू नका, ती उतरेपर्यंत तिच्यावर नजर ठेवा. त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास २८६ जणांवर होता आणि ते सगळे आधी उपचार घेऊन आलेले होते. वर्षभरानं पाहिलं तेव्हा ध्यान शिकलेल्यांचे नशेचे दिवस इतरांपेक्षा कमी होते. म्हणजे उपचारानंतर ध्यान, उपचाराऐवजी नव्हे. आणि फायदा दिसायला वेळ लागला, हेही घरच्यांनी लक्षात ठेवावं.

भावाला सकाळी दहा मिनिटं बसू दे. नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा, मन पळालं की परत आणायचं, बास. बारा तास मागांच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला शांततेत सुरुवातीला उलट बेचैन वाटतं, म्हणून वेळ वाढवायची घाई नको. कामावर तलफ आली तर डोळे मिटायचे नाहीत, माग चालू असतो. उभ्या उभ्या तळपायांवर लक्ष आणायचं, अंगात कुठे काय होतंय ते पाहायचं. सुट्टी झाली की दुकान लागणार नाही अशा रस्त्यानं थेट घरी.

त्याला एकटं बसवू नका. तुम्ही शेजारी बसा, पण राखण करायला नको, स्वतःही श्वास बघा. बुधवार पेठेतल्या आमच्यासारख्या बौद्ध घरांत पंचशील लहानपणापासून तोंडपाठ असतं, पाचवं शील मद्याचंच आहे. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. मला या शब्दांचा आधार फार वाटतो, रोजच्या बसण्यानं त्यांना बळ येतं. पण तुमचं घर सिद्धरामेश्वरांना मानणारं असलं तरी काही अडत नाही, श्वास बघायला धर्म बदलावा लागत नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट, त्याच्या सभेलाही त्यानं जरूर जावं. तलफ आली की फोन उचलणारं कुणीतरी लागतं, आणि ते काम ध्यान करत नाही.

आता शिबिर का नको ते. पहाटे चारला उठणं, दिवसाला साधारण दहा तास बैठक, पूर्ण मौन, फोन नाही. पहिल्या महिन्यांत झोप आणि मन दोन्ही कच्चं असतं. दबलेलं सगळं अशा वेळी वर आलं तर सांभाळायला ओळखीचं माणूस जवळ नसतं. शिबिराची फी नसते, ते दानावर चालतं, त्यामुळे थांबल्यानं काही जात नाही. काही महिने टिकला, झोप बसली आणि डॉक्टरांनी होकार दिला की मग जाऊ दे. अर्जात व्यसनाबद्दल आणि औषधांबद्दल विचारतात, तिथे काहीही लपवू नका आणि शिबिरासाठी गोळ्या परस्पर बंद करू नका.

एक कळकळीची विनंती. त्याला न सांगता चहात-जेवणात दारू सोडवायचं औषध घालू नका. डायसल्फिरामसारखी गोळी पोटात असताना तो प्यायला तर जिवावर बेतू शकतं. मध्येच प्यायलाच, तर ध्यान वाया गेलं म्हणून हिणवू नका. त्याच दिवशी केंद्राला किंवा १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन करा.