मे महिन्यात तो काय करतो?

अनेक आशीर्वाद.

तू मनानं रचलेल्या पाण्यातल्या प्राण्याचं चित्र मिळालं. दातांच्या तीन रांगा, पाठीवर काटे, शेपटीला विषारी नांगी. रंगवलंयस झकास. पण दोन दिवस एकच गोष्ट डोक्यात घोळतेय: हा गडी मे महिन्यात काय करतो?

हसू नकोस. तू त्याला हिप्परग्याच्या तलावात सोडलायस, म्हणजे सोलापूरचा उन्हाळा त्याला चुकत नाही. पारा चाळिशीपार, तलाव काठाकडून आटत आलेला, उरलेलं पाणी कोमट नि गढूळ. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ला जेमतेम ७. आणि तुझा प्राणी बारा फुटांचा!

मागं तलावाकाठी एका मासेमाराच्या बादलीत मरळ पाहिली होती. चार बोटं पाणी. शेजारचे चिलापी केव्हाच उताणे झालेले. मरळ मात्र थोड्या थोड्या वेळानं तोंड वर काढायची, हवेचा घोट घ्यायची, की पुन्हा तळाला गप्प. कल्ल्यांच्या वर, डोक्यात तिला हवा धरायची पोकळी असते. तुझ्या प्राण्यालाही असलं काही दे. पण फुकट नको. श्वासासाठी वर यायचं म्हणजे त्याची पिल्लं बगळ्याच्या चोचीत जाणारच. मग तो पिल्लं किती घालतो, राखण करतो का, हे आपोआप ठरत जाईल. (मरळ करते बरं का, राखण.)

आता ते दात. मासे खाणारे बरेच मासे लचके तोडत नाहीत. जबडा झटक्यात उघडला की पाणी आत ओढलं जातं, त्याबरोबर भक्ष्यही. मग आत वळलेले बारीक दात पुरतात, निसटू नये एवढ्यापुरते. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट. एवढे काटे घेऊन पाठलाग करायचा तर जेवढं खाईल त्याहून जास्त खर्च होईल. त्याला चिखलात दबा धरून बसव. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नाही, तेव्हा मिशा दे. अंगाच्या कडेनं पाण्याची थरथर कळणारी रेघ तर माशांना असतेच.

तळ पार भेगाळला तर? आफ्रिकेतला फुप्फुसमासा चिखलात शिरून अंगाभोवती चिकट स्रावाचा कोष करतो नि पावसाची वाट बघतो. तसंच उचलू नकोस, तुझी युक्ती काढ.

शाळेत असताना मी पाचतोंडी मासा काढला होता. आधी कुठलं तोंड खाणार, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

नांगी मात्र ठेव, मला आवडली. फक्त ती कुणासाठी आहे तेवढं लिहून पाठव. त्या तलावात बारा फुटी प्राण्याच्या वाटेला जाणार कोण?

तुझा,
सर