गोळी खरी की खोटी, बायका बाकावरच ओळखतात

"हॉर्मोनच्या ट्रायलचं दुसरं वर्ष लागलं आणि बायका येईनाशा झाल्या, फोनही उचलत नाहीत, प्रवासभत्ता वाढवू का?" तुमचा प्रश्न वाचला आणि माझी जुनी ओपीडी डोळ्यांपुढे आली. मी अशाच ट्रायलवर कोऑर्डिनेटर होते. डॉक्टर नाही, स्टॅटिस्टिशियन तर नाहीच, तेव्हा हे अनुभवाचे बोल समजा.

भत्ता वाढवा, पण दुखणं तिथे नाही.

पाळी गेलेल्या बायकांवरच्या या औषधचाचणीत काहींना हॉर्मोनची खरी गोळी आणि काहींना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली खोटी गोळी मिळते, आणि कुणाला कुठली हे गुपित राहायला हवं. माझी घोडचूक अशी, की अंगातून वाफा किती वेळा आल्या त्याची डायरी तपासायची मीच आणि अंगावरून जायला लागलं की फोनही मलाच. पाळी जाऊन सहा वर्षं झालेली बाई "डाग दिसतोय" म्हणाली की तिला कुठली गोळी चालू आहे ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. बायकाही हुशार. बाकावर एक दुसरीला विचारायची, "तुला दिसलं का गं काही? नाही? मग तुझी खडूचीच." ती दुसरी पुढच्या तारखेला आलीच नाही.

अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हच्या १६,६०८ बायकांच्या ट्रायललाही हे चुकलं नाही. मुख्यतः रक्तस्रावापायी, खरी गोळी घेणाऱ्या ४०.५ टक्के जणींचं गुपित तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांपुढे उघडावं लागलं, प्लासिबोत ६.८ टक्के. पण ते डॉक्टर निकाल ठरवण्याच्या कामात नव्हते. तुम्हीही रक्तस्राव बघणारं माणूस आजच वेगळं करा. आणि माझं मत विचाराल तर गुपित जपायला तपासणी लांबवू नका, आधी गर्भाशयाच्या अस्तराची सोनोग्राफी.

माणूस वेगळं करण्याचा हा बदल मंजूर करायला आमच्या एथिक्स कमिटीने सात महिने घेतले. वकील सदस्य आले नाहीत म्हणून तीनदा बैठक रद्द! तोवर अकरा जणी गेल्या. तुमची कमिटी बरी असेलही, पण अर्ज आत्ताच टाका.

बातम्यांवरही लक्ष ठेवा. २००२ च्या जुलैत ती अमेरिकन ट्रायल मध्येच थांबली, आणि त्या धक्क्याने ऑक्टोबरात ब्रिटनची तशीच विज्डम नावाची ट्रायलही गुंडाळली. बावीस हजारांवर बायका हव्या होत्या, मिळाल्या होत्या ५,६९२.

आणखी एक, नवऱ्याचा नंबर घेऊन उपयोग नाही. "ती घरी नाहीये" म्हणून ठेवून देतात. मुलीचा किंवा शेजारणीचा घ्या, अर्थात बाईला विचारूनच.