मॉडेल एकच, स्क्रीन मात्र दुसऱ्या पुरवठादाराची : दाद मागता येते का?

प्रश्न : मी घरून पुस्तकांची मुखपृष्ठं आणि माहितीपत्रकं करून देते. पाच आठवड्यांपूर्वी ऑनलाइन विक्रेत्याकडून 14 इंची लॅपटॉप घेतला. विक्रीच्या पानावर ‘आयपीएस, 300 निट, 100% एसआरजीबी’ असं लिहिलेलं होतं (आयपीएस हा स्क्रीनचा प्रकार, निट हे उजेडाचं माप, एसआरजीबी हा रंगांचा प्रमाण पल्ला). त्याच आठवड्यात मैत्रिणीनेही हाच लॅपटॉप घेतला. तिच्या स्क्रीनवर रंग भरीव दिसतात. माझ्या स्क्रीनवर लाल विटकरी दिसतो आणि पांढरा पिवळट. शोध घेतल्यावर कळलं की दोघींची पॅनेलं वेगवेगळ्या पुरवठादारांची आहेत. उसन्या आणलेल्या कलरीमीटरवर (स्क्रीनचे रंग आणि उजेड मोजणारं उपकरण) माझ्या स्क्रीनचा उजेड 271 निट आणि एसआरजीबी व्याप्ती 64% आली. उजेड कमी ठेवला की डोळेही दुखतात. सेवा केंद्र म्हणतं, ‘पॅनेल कंपनीच्या निकषांत बसतं, पुरवठादार बदलू शकतो.’ विक्रेता म्हणतो, परतीचे सात दिवस संपले. बिल माझ्या जीएसटी क्रमांकावर आहे. मैत्रिणीसारखी स्क्रीन किंवा पैसे परत मिळतील का?

उत्तर : मैत्रिणीचा लॅपटॉप आधी या भांडणातून बाहेर काढा. तिची स्क्रीन चांगली निघाली हे तिचं नशीब. त्यावरून तुमच्या विक्रेत्यावर कसलीच जबाबदारी येत नाही. एकाच मॉडेलसाठी दोन-तीन पुरवठादारांकडून पॅनेल घेणं ही लॅपटॉप धंद्यातली नेहमीची रीत आहे आणि ती बेकायदा नाही. अमुकच कारखान्याचं पॅनेल देऊ असं लिहून दिलेलं नसेल, तर पुरवठादार निवडण्याचा हक्क कंपनीचा. 2012 च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये काहींना एलजीचं, काहींना सॅमसंगचं पॅनेल मिळालं होतं. एलजीच्या पॅनेलवर जुन्या चित्राची पुसट छाया मागे राहते म्हणून 2013 मध्ये कॅलिफोर्नियाच्या फेडरल न्यायालयात सामूहिक दावा झाला आणि तो फेटाळला गेला. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण ‘दुसऱ्याला चांगलं मिळालं’ एवढ्यावर उभा केलेला दावा कुठे अडखळतो ते त्यातून दिसतं.

तुमची खरी बाजू 64 या आकड्यात आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 2(10) मध्ये ‘दोष’ या शब्दाची व्याख्या आहे. कायद्याने किंवा कराराने ठरलेल्या दर्जापेक्षा माल कमी असणं हा दोष आहेच. त्याशिवाय विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे सांगितलेल्या दर्जात कमतरता असणं हाही दोष आहे. विक्रीच्या पानावरची ओळ ‘कोणत्याही प्रकारे’ या शब्दांत सरळ बसते. मालविक्री अधिनियम, 1930 चं कलम 15 हेच जुन्या भाषेत सांगतं : वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. म्हणून ‘आमच्या निकषांत बसतं’ हे उत्तर अपुरं आहे. कंपनीचे आतले निकष तुम्हाला विकलेले नव्हते, 100% एसआरजीबी विकलेलं होतं.

शिवाय 64% हा उत्पादनातल्या किरकोळ फरकाचा आकडा वाटत नाही. एसआरजीबीचा पूर्ण पल्ला म्हणजे एनटीएससी या रंगपल्ल्याच्या दुसऱ्या, जुन्या मापाने साधारण 72%. बाजारात ‘45% एनटीएससी’ नावाची स्वस्त पॅनेलं भरपूर आहेत. ती मोजली की एसआरजीबीच्या 60 ते 65 टक्क्यांत येतात. म्हणजे तुमच्या लॅपटॉपमध्ये खालच्या दर्जाचं पॅनेल बसलेलं असण्याचा संभव दाट आहे. हा मुद्दा तक्रारीत याच आकड्यांनिशी लिहा.

बाकीच्या तीन तक्रारींना मी एवढं वजन देणार नाही. 300 निट हा आकडा पॅनेलच्या तांत्रिक पत्रकात सहसा ‘सर्वसाधारण’ म्हणून दिलेला असतो आणि ‘किमान’ आकडा बहुधा त्याच्या 85 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 255 धरलेला असतो. 271 त्याच्या वर आहे. ‘किमान 300’ असं पानावर असतं तर गोष्ट वेगळी. पिवळटपणा कॅलिब्रेशनने, म्हणजे रंग मोजून स्क्रीन जुळवून घेतल्याने, बराच सुधारतो. समोरचा वकील पहिल्यांदा तेच म्हणेल. डोळे दुखण्यामागे बॅकलाइट झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी करण्याची पद्धत असू शकते, पण ‘फ्लिकर-फ्री’ असं वचन नसेल तर तो दोष म्हणून टिकवणं कठीण. शरीराला इजा म्हणून ग्राहक संरक्षण अधिनियमातल्या ‘उत्पादन दायित्वा’च्या (सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या भरपाईच्या) प्रकरणाकडे वळायचं तर वैद्यकीय पुरावा लागेल, आणि खुद्द वस्तूचं नुकसान तर त्या प्रकरणातल्या ‘हानी’च्या व्याख्येतून स्पष्ट वगळलेलं आहे. त्या वाटेला जाऊ नका. चार तक्रारी एकत्र केल्या की कमकुवत तीन पक्क्या एकीलाही खाली ओढतात.

नोटीस लिहिण्याआधी एक खातरजमा मात्र हवीच. लॅपटॉपच्या बुडावरच्या चिकटपट्टीवर मॉडेलच्या नावाशिवाय एक लांबलचक कॉन्फिगरेशन क्रमांक असतो. एकाच नावाखाली 45% एनटीएससी आणि 100% एसआरजीबी अशा दोन्ही स्क्रीन अधिकृतपणे विकल्या जातात आणि त्यांचे हे क्रमांक वेगळे असतात. तुमचा क्रमांक बिलाशी, बिल ऑर्डरच्या ईमेलशी आणि ईमेल विक्रीच्या पानाशी जुळतं का ते पाहा. पान 100% म्हणतं आणि क्रमांक हलक्या स्क्रीनचा निघाला, तर चूक विक्रेत्याची : त्याने चुकीचं वर्णन टाकलं किंवा भलताच माल पाठवला. क्रमांक 100% स्क्रीनचाच असेल, तर बोट कंपनीकडे जातं. आणि 100% ही ओळ पानावर नसून कुठल्या परीक्षणात वाचलेली असेल, तर ते विक्रेत्याचं वचनच नाही. परीक्षकाकडे गेलेल्या लॅपटॉपात कोणतं पॅनेल होतं याला विक्रेता बांधील नसतो.

पानाचा पुरावा आजच घ्या, कारण असल्या ओळी तक्रारीनंतर गुपचूप बदलतात. पूर्ण पत्ता आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट, पानाची पीडीएफ आणि इंटरनेट आर्काइव्हवर त्याची नोंद, असं तिन्ही करा. स्क्रीनशॉट आणि ईमेल दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं. ग्राहक आयोग पुराव्याच्या बाबतीत दिवाणी न्यायालयाइतका काटेकोर नसतो, पण हरकतीला जागा कशाला ठेवायची?

पॅनेल ओळखण्यासाठी लॅपटॉप उघडू नका. ‘छेडछाड झाली’ म्हणायला कंपनीला आयतं निमित्त मिळेल. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉनिटर्स, मग प्रॉपर्टीज, डिटेल्स आणि हार्डवेअर आयडीज इथे गेलात की तीन अक्षरांनी सुरू होणारा सांकेतिक शब्द दिसतो. ती पॅनेल बनवणाऱ्या कंपनीची खूण. एयूओ, बीओई आणि एलजीडी ही अक्षरं सरळ वाचता येतात. सीएमएन म्हणजे इनोलक्स. पॅनेलच्या ईडीआयडी नोंदीत (पॅनेलमध्येच साठवलेल्या त्याच्या ओळखीच्या माहितीत) पुष्कळदा पूर्ण मॉडेल क्रमांकही असतो. तो मिळाला तर त्या पॅनेलचं तांत्रिक पत्रक शोधा. त्यातच ‘45%’ छापलेलं असेल, तर तुमचं अर्धं काम झालं.

मोजमाप पुन्हा करावं लागेल. उसन्या आणलेल्या उपकरणावर तुम्ही स्वतः घेतलेला आकडा ही फक्त सुरुवात आहे. लॅपटॉप चार्जरला लावून अर्धा तास चालू ठेवा. उजेड पूर्ण ठेवा. आपोआप उजेड बदलणारी सोय, ग्राफिक्स ड्रायव्हरमधली वीजबचत, नाइट लाइट आणि एचडीआर बंद करा, जुनं रंग-प्रोफाइल काढा. काही लॅपटॉपांत कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये एसआरजीबी मोड आधीच चालू असतो, तोही पाहा. कलरीमीटरमध्ये त्या स्क्रीनच्या बॅकलाइटला योग्य दुरुस्ती निवडली नसेल तर आकडे सरकतात. हे सगळं नोंदवून रंग-व्यवस्थापनाचं काम करणाऱ्या त्रयस्थ व्यावसायिकाकडून सही-शिक्क्याचा अहवाल घ्या. त्यात लॅपटॉपचा अनुक्रमांक, उपकरणाचं नाव आणि तारीख हवी. तज्ज्ञाचा अहवाल नाही म्हणून पडलेल्या मालदोषाच्या तक्रारी काही कमी नाहीत.

आता ‘सात दिवस संपले’ याबद्दल. ती विक्रेत्याची स्वतःची परतीची सोय आहे, तुमच्या कायदेशीर हक्काची मुदत नाही. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, 2020 च्या नियम 6(3) प्रमाणे माल सदोष असेल किंवा जाहिरातीतल्या गुणधर्मांशी जुळत नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. मात्र पाच आठवडे हा आकडा मला थोडा खटकतो. मालविक्री अधिनियमाच्या कलम 42 नुसार वाजवी काळ माल ठेवून घेतला आणि नाकारल्याचं कळवलं नाही, तर तो स्वीकारला असं धरतात. मग त्या कायद्याखाली परतीऐवजी नुकसानभरपाई उरते. ग्राहक आयोग स्वीकारलेल्या मालाबद्दलही पैसे परत द्यायला सांगू शकतो, तरी हा बचाव तुमच्यापुढे येणारच. सेवा केंद्राकडे पहिली लेखी तक्रार कोणत्या तारखेला केलीत ते काढा. ती पहिल्या दोन आठवड्यांतली असेल तर तुम्ही बऱ्याच सुरक्षित आहात. फक्त फोन केला असेल, तर आजच ईमेल करा आणि त्यात फोनची तारीख लिहा.

जीएसटी क्रमांकामुळे ‘हा व्यावसायिक वापर आहे, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही’ असा आक्षेप येईल. ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम 2(7) च्या स्पष्टीकरणानुसार स्वयंरोजगारातून केवळ पोटापाण्यासाठी वापरलेली वस्तू ‘व्यावसायिक हेतू’त मोडत नाही. श्रीराम चिट्स विरुद्ध राघचंद असोसिएट्स या 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की व्यावसायिक हेतू सिद्ध करण्याचा भार आक्षेप घेणाऱ्यावर आहे. तरीही तक्रारीत एक परिच्छेद स्पष्ट लिहा : मी एकटी काम करते, नोकर नाहीत, हेच माझं उपजीविकेचं साधन. ही वस्तुस्थिती नसेल, हाताखाली चारजण असतील, तर आधी सांगा. मग वाट दिवाणी न्यायालयाची.

नोटीस विक्रेता, लॅपटॉप कंपनी (किंवा आयातदार) आणि विक्रीमंच (ज्या वेबसाइटवरून खरेदी झाली ती) या तिघांना पाठवा. आयातदाराचं नाव-पत्ता खोक्यावरच्या छापील पट्टीवर असतो, म्हणून खोकं टाकू नका. मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच आणि महिनाभरात निवारण द्यायचं असतं; तिथली तक्रार समांतर चालू द्या. नोटिशीतली मागणी अशी असावी : ‘विक्रीच्या पानावर 100% एसआरजीबी असं वर्णन असताना मला दिलेल्या लॅपटॉपची व्याप्ती सोबतच्या अहवालानुसार 64% आहे. 15 दिवसांत वर्णनाप्रमाणे 100% एसआरजीबी व्याप्तीचं नवं पॅनेल बसवून द्यावं किंवा लॅपटॉप बदलून द्यावा. ते न जमल्यास पूर्ण किंमत परत करावी.’ यात पुरवठादाराचं नाव कुठेही येऊ देऊ नका. ‘मैत्रिणीसारखं पॅनेल द्या’ म्हणालात की ‘तसं बंधन नाही’ हे कंपनीचं उत्तर बरोबर ठरतं.

कंपनी ‘तपशील पूर्वसूचनेशिवाय बदलू शकतात’ ही बारीक अक्षरातली ओळ दाखवेल. माझ्या मते ती पुढच्या उत्पादनाला लागू होते. ठरलेल्या वर्णनाने विकून झालेल्या मालाचं वर्णन मागाहून बदलायला नाही.

15 दिवसांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर 1915 या क्रमांकाला नोंद करा. कंपन्या तिथे बऱ्याचदा नमतात, पण तो न्यायनिवाडा नाही आणि त्याने मुदत थांबत नाही. त्यानंतर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात ती करता येते. विक्रेता कुठला हे पाहावं लागत नाही. तक्रार कोणत्या पातळीच्या आयोगाकडे जाते हे ठरवताना मोजली जाते ती वस्तूसाठी दिलेली किंमत, आणि ती 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मानसिक त्रासाची रक्कम फुगवून आयोग वरचा होत नाही, फक्त तक्रारीची विश्वासार्हता घटते. सामनेवाल्याला म्हणणं मांडायला 30 दिवस आणि फार तर आणखी 15 मिळतात. त्याने तुमचा अहवाल नाकारला, तर कलम 38(2)(c) खाली मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे लॅपटॉप पाठवण्याचा अर्ज द्या. खर्च आधी तुम्हाला भरावा लागतो. तपासणी लागणाऱ्या प्रकरणाला कायद्यात पाच महिने आहेत, प्रत्यक्षात जास्त धरून चाला. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. तुम्ही ती लॅपटॉप हातात आल्याच्या दिवसापासूनच मोजा. पत्रापत्रीने ती वाढत नाही.

बहुधा नोटिशीनंतर सेवा केंद्र ‘पॅनेल बदलून देतो’ म्हणेल. चांगलंच आहे, पण सुट्या भागाच्या एकाच क्रमांकाखाली दोन पुरवठादारांची पॅनेलं असू शकतात, आणि पुन्हा तेच हलकं पॅनेल बसू शकतं. लॅपटॉप देताना जॉबशीटवर जुन्या पॅनेलचा सांकेतिक शब्द आणि ‘मागणी : 100% एसआरजीबी’ लिहून घ्या, लॅपटॉपमधल्या माहितीची प्रत स्वतःकडे ठेवा. परत घेताना जॉबशीटवर ‘ग्राहक समाधानी’ असा रकाना असेल. मोजमाप होईपर्यंत तिथे ‘ताबा घेतला, मोजमाप बाकी’ एवढंच लिहून सही करा.