त्यांची रात्र सकाळी आठनंतर सुरू होते

मोशीच्या माझ्या लेकी,

तुझं पत्र दोनदा वाचलं गं. मिस्टर चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत, दर आठवड्याला शिफ्ट बदलते, फर्स्ट झाली की नाईट आणि मग सेकंड. नाईटला सकाळी साडेसातला सुटतात, घरी येऊन नाश्ता करून साडेआठला पडतात, आणि साडेबाराला तूच त्यांना हलवून उठवतेस कारण लेकीला शाळेतून आणायचं असतं. मग संध्याकाळभर पोरांवर ओरडणं, ॲसिडिटी, आणि मागच्या महिन्यात सिग्नलला बाईकवर बसल्या बसल्या डोळा लागला, मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न दिला तेव्हा जाग आली. सासूबाई म्हणतात धडधाकट माणूस दिवसभर लोळतो. आणि तू विचारतेस, मावशी, नोकरी सोडायला सांगू का, की माझंच काही चुकतंय?

आधी त्या सिग्नलचं बोलू, बाकी सगळं नंतर. साडेबाराला उठलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला गेटबाहेर पडतो म्हणजे १९ तास झाले जागून, तेही चार तासांच्या झोपेवर. १७ तास सलग जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा मंदावतो हे तपासून पाहिलेलं आहे, आणि आपल्याकडे गाडी चालवायला कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. न पिता ते त्या अवस्थेत नाशिक हायवेला कंटेनरच्या मधून येतायत गं. नाईटच्या आठवड्यात बाईक बंद. कंपनीची बस असेल तर बस, स्टॉपवर दहा मिनिटं चालावं लागलं तरी चालेल, नाहीतर त्या बाजूच्या कुणाची तरी गाडी शेअर करा. आणि कधी बाईक न्यावीच लागली तर निघायच्या आधी तिथेच १५-२० मिनिटं डोळे मिटून घ्यायचे, मग तोंड धुवून निघायचं, उशीर झाला म्हणून तू फोनवर फोन करू नकोस.

आता लोळण्याचं. आपल्या मेंदूत एक घड्याळ असतं, ते डोळ्यात शिरणाऱ्या उजेडावर चालतं. अंधार पडला की झोपेचं हार्मोन सुटतं, पहाटे चार-पाचच्या सुमाराला अंग सगळ्यात थंड असतं, सकाळी उजेड झाला की शरीर म्हणतं ऊठ. हे घड्याळ कसं चालतं ते शोधणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं, इतकी ही खरी गोष्ट आहे. तुझे मिस्टर बरोबर उलट्या वेळी झोपायला बघतात, म्हणून ती झोप कच्ची आणि तुटकी होते, आणि घड्याळ सरकायला लागतं ना लागतं तोवर आठवडा संपून शिफ्ट बदलते.

माझे वडील भोसरीत थर्ड शिफ्ट करायचे. दोन खोल्यांचं घर, आम्ही तीन भावंडं. आई खिडकीवर काळी गोधडी टांगायची, दाराच्या कडीला चिंधी गुंडाळायची म्हणजे खडखडायला नको, कुकर ते यायच्या आत उतरलेला असायचा आणि दुपारी कुणी त्यांना भेटायला आलं तर आई बाहेर जाऊन सांगायची, त्यांची रात्र चालू आहे. हे वाक्य तू सासूबाईंना सांग. भांडून नाही, शेजारी बसून सांग, की आई, तुम्हाला रात्री अडीचला कुणी उठवून नातीला आणायला पाठवलं तर कसं वाटेल?

तर झोप पूर्ण व्हायला हवी, सात तास तरी. एका दमात होत नसेल तर दोन तुकड्यांत, सकाळी पाच तास आणि रात्री निघायच्या आधी दीड-दोन तास. खोलीत अंधार, मोबाईल बाहेर. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते तेव्हा पंखा बंद पडून ते घामाघूम उठतात म्हणतेस, तर एक चार्जिंगचा फॅन घे. पोटभर जेवण निघायच्या आधी घरी, मध्यरात्री कँटीनमध्ये हलकंच काहीतरी, वडापाव-भजी नको. रात्रीचं जेवण शरीराला नीट पेलवत नाही, साखर जास्त वाढते, म्हणून वर्षानुवर्षं नाईट करणाऱ्यांत शुगर आणि हृदयाचा त्रास जास्त दिसतो. चहा रात्री दोननंतर बंद, कारण पाच तासांनीसुद्धा त्यातलं निम्मं कॅफिन अंगात असतं. आणि दीर जे सांगतोय ना, सकाळी एक पेग मारून झोप, ते अजिबात ऐकू नका, त्याने डोळा लागतो पण दोन तासांत झोप मोडते आणि सवय मात्र राहते.

फर्स्टनंतर नाईट हा क्रम उलटा आहे. फर्स्ट, सेकंड, मग नाईट असं पुढे सरकत गेलं तर शरीराला कमी जड जातं, आणि कंपनीचा याला एक रुपया खर्च नाही. लाइनवरच्या चार-पाच जणांनी मिळून सुपरवायझरला किंवा युनियनला सांगावं, एकट्याने नको. आणि गुरुवारी सकाळी सोडून त्याच रात्री परत बोलावतात म्हणतेस, ती सुट्टी नव्हेच. रात्रपाळीवाल्याची साप्ताहिक सुट्टी शिफ्ट सुटल्यापासून पुढचे सलग २४ तास, हे १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टपासून चालत आलंय.

नोकरी सोडायला आज सांगू नकोस, तुमचा घराचा हप्ता चालू आहे. पण तीन महिने हे सगळं नीट करून बघा, शुगर-बीपी तपासून घ्या, घोरतात का आणि घोरताना श्वास अडकतो का ते तू लक्ष देऊन बघ आणि डॉक्टरांना नाईट करतात हे आवर्जून सांग. तरीही तसंच राहिलं तर जनरल शिफ्टसाठी अर्ज, पगारात नाईट अलाउन्स कमी झाला तरी.

तुझं चुकलंय असं मी म्हणणार नाही, तुला कुणी हे सांगितलंच नव्हतं. पण साडेबाराचं ते उठवणं थांबव. पुढच्या नाईटच्या आत शाळेच्या व्हॅनवाल्यांशी बोल, नाहीतर शेजारची जी मैत्रीण तिच्या मुलाला आणते तिला विचार, तू तिच्या ब्लाऊजची शिलाई घेऊ नकोस त्या बदल्यात.

तुझी मावशी