छ्येयुन वाचायला घेताय? आधी हे करा

छ्येयुन हा जुना चिनी उच्चारकोश. त्याच्या पुनर्रचित (अभ्यासकांनी अंदाजाने परत जुळवलेल्या) उच्चारांचे तक्ते पाठ करायची घाई करू नका, आधी 'फानछ्ये', म्हणजे दोन अक्षरांवरून तिसऱ्याचा उच्चार सांगायची पद्धत, हाताशी बसू द्या. कोशात 'पूर्व' या अर्थाच्या शब्दापुढे दोनच अक्षरं दिलेली असतात, जुन्या उच्चारात साधारण 'तोक' आणि 'हुंग'. पहिल्यातला त घ्या, दुसऱ्यातला उंग आणि सूर (आवाजाचा चढउतार, टोन) घ्या, झालं 'तुंग'. आजच्या बीजिंगच्या उच्चारात मात्र 'हुंग'चा सूर वेगळा येतो, कारण त्याचं आद्य व्यंजन पूर्वी घोष (ग, द, ब यांसारखं कंठ कंपवणारं) होतं. अशी शंभरेक अक्षरं स्वतः वहीत सोडवाच.

आपल्याला इथे मोठा फायदा आहे. चीनच्या सोंग राजवटीच्या काळातल्या ध्वनितक्त्यांमधली व्यंजनं क, ख, ग, ङ याच धर्तीवर मांडली आहेत; बौद्ध भिक्षूंबरोबर गेलेल्या भारतीय वर्णविचाराचा तो ठसा. माझ्या मते आपली बाराखडीच इथली उत्तम शिक्षक.

इ. स. 601 चा लु फायेनचा छ्येयुन हा कोश कुठल्या एका गावची बोली नव्हे, त्यात उत्तर-दक्षिणेचे उच्चार एकत्र तोलले आहेत. रोज हाताळायला 1008 चा 'क्वांगयुन', म्हणजे छ्येयुनचीच वाढवलेली आवृत्ती, घ्या, त्यात 206 यमकवर्ग आहेत. आणि कॅन्टोनीज ही दक्षिण चीनमधली बोली ऐकत राहा: 'दहा' तिथे अजून 'सप' आहे, जुन्या उच्चारातला शेवटचा प शाबूत.