शेतातला माल थेट रेस्टॉरंटला: मुलीला करू द्यावं का?

प्रश्न: सासवडजवळ आमची अंजिराची बाग आणि थोडा भाजीपाला आहे. मुलगी यंदा बी.एस्सी. ॲग्री झाली. एमपीएससीचा अभ्यास सोडून पुण्यातल्या छोट्या रेस्टॉरंटना घरचा माल पुरवायचा म्हणते. हॉटेलवाले पैसे बुडवतात असं ऐकतो. उद्या लग्न झालं तर धंद्याचं काय?

उत्तर: नमस्कार. मुलीचा विचार मला पटला. फक्त तिने लगेच टेम्पो भरून निघू नये.

अंजिराचंच बघा. मार्केटला पाठवायचं फळ थोडं कडक असतानाच तोडावं लागतं. पूर्ण पिकलेलं आडत्याच्या गाळ्यावर पोचेपर्यंत दबतं आणि पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबात, भाव पडतो. चांगल्या शेफला मात्र तेच हवं असतं, झाडावर पिकून मान टाकलेलं. पहाटे तोडलेलं असं फळ दिवे घाट उतरून सकाळीच त्याच्या किचनमध्ये पोचू शकतं. उकललेलं जॅमला, आइस्क्रीमला चालतं.

अडचण वेगळीच आहे. शेत एका वेळी एकच माल ढीगभर देतं. रेस्टॉरंटला रोज सगळंच थोडं थोडं लागतं. तुमचा वाटाणा संपला की शेफ पुन्हा व्यापाऱ्याला फोन करतो. हंगामाच्या आधीच शेफसोबत बसून काय, कधी, किती हे ठरवायचं आणि कमी पडेल ते आसपासच्या शेतकऱ्यांकडून उभं करायचं, या धंद्याचा सगळा कस इथे लागतो. कॉलेजात हे शिकायला मिळत नाही. म्हणून तिने आधी सहा महिने एखाद्या रेस्टॉरंटच्या स्टोअरमध्ये, खरेदीच्या कामावर नोकरी करावी. पगार कमी असेल, तरी करावी. माल का परत जातो, बिल कुणाच्या टेबलावर अडकतं, हे तिथेच कळेल.

पैशांची तुमची भीती रास्त आहे. छोटी रेस्टॉरंट बंदही पटकन पडतात. सुरुवातीला दोनच गिऱ्हाइकं धरा, हिशेब दर आठवड्याला, आणि एक बिल थकलं की पुढचा माल बंद. निम्म्याहून जास्त माल पहिली दोन वर्षं मार्केटलाच जाऊ द्या; आडत्याशी संबंध तोडू नका.

कायद्याची आडकाठी नाही. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, त्यामुळे थेट विक्री करता येते. कृषी पदवीधरांसाठी केंद्राच्या ॲग्री-क्लिनिक योजनेत ४५ दिवसांचं निवासी प्रशिक्षण असतं, त्याची चौकशी तिने जरूर करावी.

आता लग्नाचं. गिऱ्हाइकं तिने जोडली, तर बिलबुक आणि बँक खातं तिच्याच नावावर असू द्या, आणि बागेतला माल ती तुमच्याकडून ठरलेल्या भावाने विकत घेईल असं आजच ठरवा. घरचं काम म्हणून तिला फुकट राबवू नका. मग ती उद्या बारामतीला नांदायला गेली काय किंवा हडपसरला, धंदा तिच्यासोबत जाईल आणि तुमचं अंजीर ती घेतच राहील.